प्रवासाहून परतल्यावर पासबुक भरून घ्या : डेबिट कार्डातून चुकून गेलेले पैसे परत कसे मिळवावेत?

सावदा आणि रावेर स्थानकांवरून केळीच्या वॅगनी दिल्लीला जाण्याची परंपरा जुनी आहे. माल पुढे गेला की पट्टीचा हिशेब करण्यासाठी आणि थकलेली बाकी वसूल करण्यासाठी व्यापाऱ्यालाही मागोमाग जावे लागते. पूर्वी तो बनियनच्या आतल्या खिशात रोकड शिवून निघत असे. आता त्याच खिशात डेबिट कार्ड असते. कापडासाठी सुरतला किंवा बुऱ्हाणपूरला जाणारा दुकानदार, सुट्या भागांसाठी इंदूर-मुंबई करणारा मिस्त्री, उमऱ्याला निघालेले कुटुंब, सर्वांचीच ही स्थिती आहे. सोय झाली, चोराची भीती कमी झाली. पण घरी येऊन पासबुक भरून घेतल्यावर एखादी रक्कम दोनदा वजा झालेली दिसते, कधी न मिळालेल्या नोटांची नोंद दिसते, तर कधी नावगाव माहीत नसलेल्या दुकानाची खरेदी दिसते. मग काय करावे हे समजत नाही. शाखेत एक चक्कर होते, 'पाहतो, होऊन जाईल' असे उत्तर मिळते आणि विषय मागे पडतो.

आपल्या समाजातील पुष्कळ व्यापारी व कारागीर व्याजाचा संबंध नको म्हणून क्रेडिट कार्ड घेत नाहीत, डेबिट कार्डच वापरतात. त्यामुळे दोन्ही कार्डांतला एक फरक त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. क्रेडिट कार्डावर चूक झाली तर वाद मिटेपर्यंत प्रश्न बँकेच्या पैशाचा असतो. डेबिट कार्डावर चूक झाली तर आपल्या खात्यातले पैसे आधी जातात आणि वाद नंतर सुरू होतो. ज्याच्या खात्यात शनिवारी हमालांची मजुरी चुकवण्यापुरतीच रक्कम असते, त्याचे वीस-पंचवीस हजार महिनाभर अडकले तर त्याला हातउसने मागत फिरावे लागते. म्हणून या बाबतीत ज्ञान हेच भांडवल आहे. रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या बाजूचे नियम केलेले आहेत. मात्र त्यांचा लाभ वेळेवर आणि लेखी तक्रार करणाऱ्यालाच पूर्णपणे मिळतो.

सर्वप्रथम चूक कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

सर्व चुका एकसारख्या नसतात. प्रत्येक प्रकाराचा नियम निराळा आणि मुदतही निराळी आहे. सगळ्याची एकच खिचडी करून 'माझे पैसे कापले' असा अर्ज दिला तर तो शाखेतच पडून राहतो. म्हणून आम्ही येथे एक काल्पनिक उदाहरण घेऊन प्रकार वेगळे करून दाखवतो.

समजा, सावद्याचा एक केळी व्यापारी आझादपूरच्या बाजारात वसुलीसाठी गेला. ३ तारखेला दिल्लीत पोहोचला, ६ तारखेला परत निघाला. घरी येऊन त्याने पासबुक भरून घेतले, तेव्हा पुढील नोंदी दिसल्या :

(१) ३ तारीख, दुसऱ्या बँकेचे एटीएम, १०,००० रुपये वजा. प्रत्यक्षात यंत्रातून नोटा आल्याच नव्हत्या.
(२) ४ तारीख, भोजनालय, ६,४०० रुपये वजा. बिल ६४० रुपयांचे होते.
(३) ६ तारीख, लॉज, ४,२०० रुपये दोनदा वजा. पहिल्या वेळी मशीनवर 'व्यवहार अयशस्वी' असे आले, चिठ्ठी निघाली नाही, म्हणून कार्ड पुन्हा लावले होते.
(४) ७ तारीख, ऑनलाइन खरेदी, ४,९९९ रुपये वजा. त्या वेळी व्यापारी गाडीत होता आणि त्याने काहीही मागवले नव्हते.
(५) एटीएम शुल्क, २७ रुपये १४ पैसे.

पहिल्या चार नोंदींत मिळून २४,९५९ रुपये विनाकारण गेले. आता एकेक नोंद तपासू.

पहिला प्रकार : अपुरा राहिलेला व्यवहार

पहिली आणि तिसरी नोंद या प्रकारात येते. पैसे खात्यातून निघाले, पण व्यवहार पुरा झाला नाही. अशा व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढले आणि ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. एटीएममधून नोटा न येता रक्कम वजा झाली, किंवा दुकानातील मशीनवर चिठ्ठी न निघता रक्कम वजा झाली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती बँकेने आपणहून परत जमा केली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. त्याहून उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यायची आहे, आणि ती ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता द्यायची आहे. येथे कामकाजाचे दिवस मोजत नाहीत. सुट्टी धरून सरळ दिवस मोजतात. हा नियम देशातल्या देशात झालेल्या व्यवहारांना लागू आहे.

उदाहरणातले दहा हजार ३ तारखेचे आहेत. म्हणजे ८ तारखेपर्यंत ते परत आले पाहिजेत. १४ तारखेला आले तर सहा दिवसांचा उशीर झाला, म्हणजे ६०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे. लॉजच्या पहिल्या ४,२०० रुपयांचा हिशेबही असाच, फक्त दिवस ६ तारखेपासून मोजायचे.

यूपीआयने पैसे दिले असतील तरी हेच परिपत्रक कामाला येते. समोरच्या व्यक्तीला रक्कम पोहोचली नाही तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला दिलेली रक्कम त्याच्याकडे नोंदली गेली नाही तर पाच दिवसांत, ती परत आली पाहिजे. उशिराचे १०० रुपये तेथेही आहेत.

पाच दिवस थांबावे की नाही? आमचे मत असे की पैसे आपोआप येणार असले तरी तक्रार त्याच दिवशी नोंदवून क्रमांक घ्यावा. त्यात काहीच खर्च नाही आणि पुढे वाद झाला तर तारीख आपल्या बाजूने बोलते. एटीएमच्या बाबतीत तर हे फारच आवश्यक आहे. यंत्रात प्रत्येक व्यवहाराची नोंद होत असते आणि दिवसाच्या शेवटी जास्त भरलेली रोकड मोजणीत दिसते. पण खोलीतील कॅमेऱ्याचे चित्रण कायम ठेवले जात नाही. उशीर केला तर हा पुरावा हातचा जातो.

दुसरा प्रकार : कार्ड आपणच लावले, रक्कम मात्र चुकीची

भोजनालयाची नोंद ही अशी आहे. कार्ड मालकानेच दिले, पिनही त्यानेच टाकला, पण रक्कम टाइप करणाऱ्याने एक शून्य जास्त दाबले. चिठ्ठी न पाहता आपण खिशात घातली. लॉजमध्ये दोन्ही वेळा चिठ्ठी निघाली असती तर तीही नोंद याच प्रकारात गेली असती. लॉजने घेतलेली अनामत परत न येणे, रद्द केलेल्या खोलीचे पैसे न मिळणे, हेही येथेच येते.

या प्रकारात बँकेची चूक नसते, म्हणून बँक तत्काळ पैसे देत नाही. पहिली मागणी दुकानदाराकडे करायची. चिठ्ठीवर मशीनचा क्रमांक, तारीख, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक छापलेला असतो. तो देऊन, बिलाचे छायाचित्र पाठवून, फरकाची रक्कम त्याच कार्डावर परत करण्यास सांगावे. फोनवर बोलणे झाले तरी तोच मजकूर संदेशाने पाठवून ठेवावा, म्हणजे लेखी पुरावा राहतो. प्रामाणिक दुकानदार चूक दिसताच पैसे परत करतो.

दुकानदाराने टाळाटाळ केली तर आपल्या बँकेकडे 'चार्जबॅक'चा अर्ज करावा. रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड या प्रत्येक व्यवस्थेत ही सोय आहे. आपली बँक दुकानदाराच्या बँकेकडे हरकत नोंदवते आणि तिच्यामार्फत दुकानदाराकडे पुरावा मागितला जातो. त्याच्याजवळ ६,४०० रुपयांचे बिल नसेल तर रक्कम फिरते. या अर्जाला मुदत असते आणि ती कार्डाप्रमाणे व कारणाप्रमाणे बदलते. त्यामुळे दुकानदाराच्या 'उद्या करतो'वर आठवड्याहून जास्त दिवस घालवू नयेत.

तिसरा प्रकार : जो व्यवहार आपण केलाच नाही

चौथी नोंद सर्वांत धोक्याची आहे. रक्कम लहान असली तरी कार्डाची माहिती दुसऱ्याच्या हाती गेल्याची ती खूण आहे. आज ४,९९९ गेले, उद्या खाते रिकामे होईल. येथे पहिले काम तक्रारीचे नाही. पहिले काम कार्ड बंद करण्याचे आहे. कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर, बँकेच्या ॲपवरून किंवा संदेशाने कार्ड बंद करावे. त्यानंतर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर सायबर फसवणुकीची नोंद करावी आणि मग शाखेत लेखी अर्ज द्यावा.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक या प्रकारासाठी आहे. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ रोजी निघाले. खानदेशात सहकारी बँकांचे खातेदार पुष्कळ असल्याने ही गोष्ट मुद्दाम सांगत आहोत. व्यापारी बँकांसाठीच्या परिपत्रकातील मुख्य गोष्टी अशा :

चूक किंवा निष्काळजीपणा बँकेचा असेल तर ग्राहकावर काहीच बोजा नाही, मग त्याने कळवले असो वा नसो.

चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, मधल्या तिसऱ्याच व्यवस्थेची असेल, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर काहीच बोजा नाही.

अशाच प्रसंगी चार ते सात कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकावर मर्यादित बोजा येतो. मूळ बचत खात्याला ५,००० रुपयांपर्यंत, इतर बचत खात्यांना आणि लघुउद्योगांच्या चालू खात्यांना १०,००० रुपयांपर्यंत, बाकीच्या चालू खात्यांना २५,००० रुपयांपर्यंत. व्यवहाराची रक्कम याहून कमी असेल तर तेवढीच.

सात दिवसांनंतर कळवले तर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे निर्णय होतो.

पिन किंवा ओटीपी स्वतःच दुसऱ्याला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतर मात्र जे जाईल ते बँकेचे.

दिवस कसे मोजायचे तेही लक्षात ठेवा. संदेश आला तो दिवस धरत नाहीत आणि आपल्या मूळ शाखेचे कामकाजाचे दिवस मोजतात. संदेश गुरुवारी रात्री आला, तर शुक्रवार पहिला दिवस. दुसरा शनिवार व रविवार सुट्टीचे, सोमवार दुसरा आणि मंगळवार तिसरा दिवस. मंगळवारी शाखा बंद होण्यापूर्वी पोच हातात असली पाहिजे.

कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत वादातील रक्कम तात्पुरती खात्यात जमा करावी आणि ९० दिवसांच्या आत तक्रारीचा निकाल लावावा, असेही या परिपत्रकात आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ग्राहकाचा दोष आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली आहे. असे नियम वेळोवेळी सुधारले जातात. म्हणून अर्ज देताना बँकेच्या ग्राहक संरक्षण धोरणाची ताजी प्रत मागून घ्यावी. ते धोरण जाहीर करणे बँकेवर बंधनकारक आहे.

चौथा प्रकार : जी चूक नाहीच

पाचवी नोंद चूक नाही. बचत खात्याला दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला महानगरात तीन आणि इतरत्र पाच व्यवहार मोफत असतात. त्यापुढे १ मे २०२५ पासून बँकेला एका व्यवहारामागे २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि त्यावर कर घेता येतो. २३ वर १८ टक्के जीएसटी धरला की २७ रुपये १४ पैसे होतात. मात्र यंत्रातील बिघाडामुळे किंवा नोटा संपल्यामुळे फसलेला व्यवहार या मोफत व्यवहारांत मोजायचा नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये केला. म्हणून ३ तारखेचा फसलेला व्यवहार मोजून हे शुल्क लावले असेल, तर तेही परत मागता येते.

दुकानाचे नाव ओळखू न येणे ही आणखी एक गोष्ट. पाटीवर एक नाव असते आणि मशीन मालकाच्या किंवा त्याच्या फर्मच्या नावावर असते. तक्रार करण्यापूर्वी चिठ्ठीवरील नाव, वेळ आणि रक्कम पासबुकाशी ताडून पाहा. घरातील मुलाने किंवा भागीदाराने खरेदी केली नाही ना, तेही विचारा.

उमऱ्याहून आलेल्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते : 'चारशे रियालची खरेदी केली, भावाप्रमाणे जेवढे व्हायला हवेत त्याहून जास्त कापले.' येथे बहुधा चूक नसते. हिशेब असा करावा. एक रियाल २४ रुपये धरला तर ४०० रियालचे ९,६०० रुपये झाले. बँकेचे परदेशी चलनाचे शुल्क साडेतीन टक्के असेल तर ३३६ रुपये, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६० रुपये ४८ पैसे. एकूण ९,९९६ रुपये ४८ पैसे. हे ३९६ रुपये शुल्काचे आहेत, कोणी लांबवलेले नाहीत. आपल्या बँकेचे शुल्क किती, हे मात्र निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

परदेशात मशीन कधी कधी विचारते की रक्कम रुपयांत घ्यावी की तेथल्या चलनात? रुपये पाहून आपल्याला बरे वाटते, पण तेथे दुकानदाराच्या बाजूने लावलेला भाव सहसा महाग पडतो. अशा वेळी तेथलेच चलन निवडावे.

'कार्ड तर तुमच्याच खिशात होते!'

शाखेत हे वाक्य ऐकले की आपला माणूस गप्प होतो. गप्प होण्याचे कारण नाही. कार्ड खिशात असतानाही त्याची माहिती चोरीला जाऊ शकते, हे आपल्या देशात उघड झालेले आहे. २०१६ मध्ये एटीएमची व्यवस्था पाहणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि निरनिराळ्या बँकांची सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली. १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांचे मिळून १ कोटी ३० लाख रुपये गेल्याचे तेव्हा राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने सांगितले. त्या ग्राहकांनी कार्ड कोणाला दिले नव्हते. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची यंत्रणा भेदून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. त्यांतील बराच भाग बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून काढला होता.

न्यायालयांनीही ग्राहकाचे म्हणणे मान्य केले आहे. जानेवारी २०१९ मध्ये स्टेट बँकेविरुद्धच्या एका खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने निर्णय दिला की ग्राहकाने मोबाइलवरील संदेशाला उत्तर दिले नाही एवढ्यावरून अनधिकृत उचलीची जबाबदारी बँकेला झटकता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एचडीएफसी बँकेच्या परदेशी चलन कार्डावर २००८ साली झालेल्या व्यवहारांबाबत ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. कार्ड चोरीला गेले असावे असे बँकेचे म्हणणे होते, पण तिने त्याचा पुरावा दिला नव्हता. मात्र हेही पाहा की २००८ च्या व्यवहाराचा निकाल लागायला २०२० साल उजाडले. आपल्यासारख्या लहान व्यापाऱ्याला बारा वर्षांची लढाई परवडत नाही. म्हणून पहिल्या तीन दिवसांतच काम पक्के करावे.

अर्ज कसा लिहावा?

तोंडी तक्रार ही तक्रारच नव्हे, असे धरून चालावे. देणेघेणे लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही, ती येथेही पाळावी. अर्ज लहान असावा आणि प्रत्येक नोंदीसाठी वेगळा परिच्छेद असावा. नमुना असा :

'मा. शाखाधिकारी यांस, विषय : डेबिट कार्डातून झालेल्या चुकीच्या वजावटीबाबत. माझे आपल्या शाखेत खाते आहे (खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार अंक). दिनांक ... रोजी ... वाजता ... येथील एटीएममधून १०,००० रुपये वजा झाले, परंतु नोटा मिळाल्या नाहीत. व्यवहार क्रमांक ... आहे. या यंत्राची त्या दिवसाची नोंद व कॅमेऱ्याचे चित्रण जतन करावे. रक्कम व उशीर झाल्यास नियमानुसार भरपाई जमा करावी. तसेच दिनांक ... रोजीचा ४,९९९ रुपयांचा ऑनलाइन व्यवहार मी केलेला नाही व माझा पिन किंवा ओटीपी कोणास दिलेला नाही. त्याचा संदेश मला दिनांक ... रोजी मिळाला व मी दिनांक ... रोजी कार्ड बंद केले (तक्रार क्रमांक ...). वादातील रक्कम नियमानुसार मुदतीत तात्पुरती जमा करावी. सोबत : पासबुकाची प्रत, चिठ्ठ्या, रेल्वेचे तिकीट.'

रेल्वेचे तिकीट कशाला, असे कोणी विचारील. ज्या वेळी व्यवहार झाला त्या वेळी आपण कोठे होतो, हे तिकीट सांगते. लॉजची पावती, बाजारातील पट्टी, पारपत्रावरील शिक्का, हे सगळे पुरावेच आहेत. अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. शाखेने पोच नाकारली तर तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवावा.

एक सावधगिरी बाळगावी. बँकेचा क्रमांक मोबाइलवर शोधून फोन करू नये. ठकांनी तेथे आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. परतावा देण्यासाठी पिन, ओटीपी किंवा क्यूआर कोड लागत नाही. जो मागतो तो ठकच.

बँकेने दाद दिली नाही तर

शाखेनंतर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सर्व देशासाठी ही व्यवस्था एकत्र केली आहे. तक्रार संकेतस्थळावर करता येते किंवा चंदीगड येथील केंद्रात टपालानेही पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फी नाही, वकील लागत नाही. लहान सहकारी बँकेत खाते असेल तर ती बँक योजनेत येते का, हे आधी विचारून घ्यावे.

जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. परंतु व्यापाऱ्यांनी एक अडचण ध्यानात ठेवावी. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात धंद्यासाठी ओव्हरड्राफ्ट घेतलेल्या शेअर दलालाला याच कारणावरून ग्राहक मानले नाही. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्यास कायद्यात सवलत आहे. म्हणून पेढीच्या चालू खात्याबाबत लोकपालाचा मार्ग आधी धरावा, असे आम्ही सुचवतो. एकाच विषयावर दोन्हीकडे एकदम जाऊ नये.

आपल्याच दुकानात मशीन असेल तर

यातला अर्धा धडा देणाऱ्याचा, अर्धा घेणाऱ्याचा आहे. रक्कम टाकल्यावर मशीन गिऱ्हाइकाला दाखवावे. चिठ्ठ्यांची प्रत तारखेवार ठेवावी. पैसे परत करायचे असतील तर त्याच कार्डावर परत करावेत. रोख परत केले तर लेखी पावती घ्यावी. नाहीतर गिऱ्हाइकाची हरकत मान्य होऊन तीच रक्कम आपल्या खात्यातून दुसऱ्यांदा जाईल.

आणि स्वतः तक्रार केली असताना बँकेने तात्पुरते पैसे जमा केले व इकडे दुकानदारानेही परत केले, तर दोन्ही ठेवून घेऊ नयेत. बँकेला लेखी कळवावे. दुसऱ्याच्या चुकीने आलेली रक्कम ही आपली कमाई नव्हे, ती अमानत आहे. तसेच खरेदी स्वतः करून 'मी केलीच नाही' म्हणणेही गैर आहे. अशा खोट्या तक्रारींमुळे खऱ्या माणसाच्या अर्जाकडेही संशयाने पाहिले जाते.

निघण्यापूर्वी

प्रवासासाठी वेगळे लहान खाते ठेवावे आणि लागेल तेवढीच रक्कम त्यात भरावी. पेढीचे मुख्य कार्ड घरी राहू द्यावे. ऑनलाइन व परदेशी वापर आणि खर्चाची मर्यादा बँकेच्या ॲपमधून बंद-चालू करता येते. ही सोय १ ऑक्टोबर २०२० पासून बँकांवर बंधनकारक आहे. लागत नसेल ते बंद ठेवावे. ५,००० रुपयांपर्यंत नुसते कार्ड टेकवून पिनशिवाय पैसे जाऊ शकतात. गर्दीच्या प्रवासात ही सोयही बंद ठेवणे चांगले. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा. परदेशात दुसरे सिम घातले तर संदेश वेळेवर दिसत नाहीत, म्हणून ई-मेलवरही सूचना घ्याव्यात. बँकेचा मदत क्रमांक व कार्डाचे शेवटचे चार अंक डायरीत लिहावेत, पिन मात्र लिहू नये. चिठ्ठ्या एका पाकिटात ठेवाव्यात आणि त्यांचे छायाचित्र काढावे. तो कागद उन्हाने आणि घामाने कोरा पडतो, आणि आपल्या खानदेशाचे ऊन सर्वांना माहीत आहे.

परतल्यावर पहिल्याच कामकाजाच्या दिवशी पासबुक भरून घ्यावे आणि प्रत्येक नोंद चिठ्ठीशी ताडून पाहावी. बाजारातून आलेली पट्टी आपण एकेका किलोपर्यंत तपासतो. बँकेचा हिशेबही तसाच तपासावा. त्यात काही चुकले असेल तर त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी.